धाकट्याचा तोल

सलून दोन खुर्च्यांचं होतं. दारातून आत आलं की पहिली खुर्ची थोरल्याची, दुसरी धाकट्याची. गिऱ्हाईक आत यायचं, थोरल्याला रामराम करायचं आणि मुकाट्याने बाकावर बसून दुसरी खुर्ची रिकामी व्हायची वाट बघायचं. थोरला मुद्दाम विचारायचा, "या, बसता का? इथे जागाच जागा आहे." समोरचा ओशाळून म्हणायचा, "नको, जरा पेपर वाचतो." थोरल्याला मिशीतल्या मिशीत हसू यायचं. या धाकट्याच्या हातात पहिला वस्तरा त्यानेच दिला होता. फुग्याला साबण लावून, फुगा न फोडता फेस उतरवायला त्यानेच शिकवलं होतं. पंधराव्या वर्षी पोराने सलग अकरा फुगे साफ केले, तेव्हा थोरला मनात म्हणाला होता, हा आपल्याला मागे टाकणार. आणि टाकलंही.

दोघांमध्ये बारा वर्षांचं अंतर. आई लवकर गेली. वडील याच दुकानात बसायचे. बसायचे म्हणजे दुपारपर्यंत. दुपारनंतर त्यांचे हात थरथरायला लागायचे आणि पाय कुठे वळायचे ते साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं. त्यांना खांद्यावर घालून घरी आणायचं काम थोरल्याने वयाच्या तेराव्या वर्षापासून केलं. ते गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. त्या दिवशी थोरल्याने मनाशी एकच गोष्ट पक्की केली, की या पोराला त्या वाटेला जाऊ द्यायचं नाही. पुढे धाकट्याचं लग्न झालं, तो शेजारच्या गल्लीत वेगळा राहू लागला, तरी थोरल्याची नजर काही सुटली नाही. एखाद्या लग्नाहून धाकटा उशिरा आला, की दुसऱ्या दिवशी थोरला काहीतरी निमित्त काढून त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलायचा. धाकट्याला ते कळायचं. तो मुद्दाम 'हा' करून दाखवायचा आणि म्हणायचा, "झाली तपासणी? शिक्का मार आता."

धाकटा चौतीस वर्षांचा असताना त्याचा उजवा डोळा दुखायला लागला. डोळा हलवला की मागून कळ यायची. चार दिवसांत त्या डोळ्यापुढे धुकं आलं. दुकानातला लालभडक टॉवेल डाव्या डोळ्याने लाल दिसायचा आणि उजव्याने विटकरी, शंभरदा धुतल्यासारखा. डोळ्यांच्या डॉक्टरने थेंब दिले. तीन-चार आठवड्यांत धुकं आपोआप विरलं, आणि थेंबांनी गुण आला म्हणून सगळे मोकळे झाले.

त्यानंतर दीड वर्ष काही नाही. मग एका उन्हाळ्यात धाकट्याचं चालणं बदललं.

थोरल्याच्या ते आधी लक्षात आलं नाही, लक्षात आलं त्याच्या बायकोच्या. वहिनीने धाकट्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. ती म्हणाली, "भावजी पाय फाकवून का चालतात हल्ली? होडीत उभं असल्यासारखे." थोरला बघू लागला. खरंच, धाकटा खुर्चीपासून बेसिनपर्यंत जाताना भिंतीला बोटं लावत जायचा. दुपारी गरम टॉवेलांची वाफ कोंडली की त्याचा कात्री धरलेला हात अडखळायचा. शब्द जिभेत गुंतायचे. कधी कुणाच्या मानेवरचे केस कापायला खाली वाकला, की एकदम दचकून ताठ व्हायचा. एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, "काय रे, डास चावला का?" धाकटा म्हणाला, "हो, मोठा होता." आणि हल्ली त्याच्या तोंडात सारखी पेपरमिंटची गोळी असायची.

ती गोळी थोरल्याच्या डोक्यात घुसली. वडीलही लवंग चघळायचे.

त्याने विचारलं नाही. विचारलं की खोटं ऐकावं लागतं हे तो लहानपणीच शिकला होता. तो फक्त बघत राहिला, आणि जे जे बघितलं ते ते जुन्या चित्राशी जुळत गेलं. सकाळी धाकटा बरा असायचा, दुपारनंतर बिघडायचा. वडिलांचंही तसंच. मध्येच पंधरा दिवस अगदी ठणठणीत जायचे. वडिलांचेही जायचे, शपथ घेतली की. रस्त्यावरची माणसंही बोलू लागली. समोरचा चहावाला म्हणाला, "वळण बापाचंच दिसतंय." थोरल्याने चहाचा कप तसाच ठेवला आणि परत त्या टपरीवर गेला नाही, पण वाक्य काही त्याला सोडून गेलं नाही.

धाकटा का बोलला नाही? ते पुष्कळ नंतर कळलं. वाकलं की मानेतून कंबरेपर्यंत वीज सळकायची. अर्धा चेहरा बधिर झाला होता, त्या बाजूची जीभ आहे की नाही हे कळावं म्हणून तो गोळी चघळायचा. पण ज्याच्या हातात माणूस आपला गळा देतो, त्याने कोणत्या तोंडाने सांगावं की हा हात माझं ऐकत नाही?

जे व्हायचं होतं ते एका रविवारी दुपारी झालं. दुकान भरलेलं होतं. धाकट्याच्या खुर्चीत निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. वीस वर्षं ते धाकट्याशिवाय कुणाकडून दाढी करून घेत नसत. धाकट्याचा हात गालावर नीट चालला, पण कानाजवळ आला आणि नेमका जिथे टेकायचा तिथेच लटपटला. वस्तरा कानाच्या पाळीत घुसला. पांढऱ्या कापडावर रक्ताची धार लागली. धाकटा तुरटी घ्यायला वळला, पाय पायात अडकला आणि तो बाकावरच्या माणसांच्या अंगावर पडला.

थोरल्याने आधी पोस्टमास्तरांच्या कानावर कापूस दाबून धरला. मग धाकट्याला दंडाला धरून उभं केलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या मुस्काटात मारली.

"भर दुपारी? गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरून?"

"दादा, मी प्यायलो नाही रे."

"बाबाही हेच म्हणायचे. अगदी ह्याच आवाजात."

धाकट्याचे शब्द अडखळतच येत होते आणि दर शब्दाबरोबर थोरल्याची खात्री वाढत होती. पोस्टमास्तर कान धरून म्हणत होते, "जाऊ द्या हो, फार लागलं नाही." थोरला ऐकायच्या पलीकडे गेला होता. त्याने धाकट्याचा वस्तरा उचलून आपल्या खणात टाकला. "सुधारशील तेव्हा ये," तो म्हणाला. धाकटा भिंतीला हात लावत दारापर्यंत गेला. चपला सरकवून तो उन्हात बाहेर पडला.

सात महिने भाऊ भावाशी बोलला नाही. वहिनी लपून जायची, डबा द्यायची आणि परत येऊन सांगायची, "मला नाही वाटत ते पितात. वास येत नाही." थोरला म्हणायचा, "तू माझा बाप बघितला नाहीस." धाकट्याने दुसऱ्या दोन दुकानांत काम धरलं. एकात आठ दिवस टिकला, एकात तीन. मग घरीच बसला. त्याची बायको बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. ती दोन पाळ्या करू लागली.

आठव्या महिन्यात एका सकाळी धाकट्याच्या बायकोचा वहिनीला फोन आला. "हे उठत नाहीयेत. कमरेखाली काही कळतच नाही म्हणतात." थोरल्याने फोन हातात घेतला, ऐकलं आणि म्हणाला, "रात्री किती घेतली होती?" पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. वहिनी चपला घालत होती. थोरलाही निघाला.

धाकटा पलंगावर पडून होता. अंथरूण ओलं झालं होतं आणि तो भिंतीकडे तोंड करून होता. थोरल्याने त्याच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. तो स्वयंपाकघरात गेला. ओट्याखालचं दार उघडलं, डबे हलवले, कपाट उघडलं, साड्यांच्या घडीमागे हात घातला, स्टूल ठेवून मोरीवरच्या माळ्यावर चढला. वडील बाटल्या कुठे कुठे लपवायचे ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? काहीच सापडलं नाही. खाली उतरला तेव्हा धाकट्याची बायको दारात उभी होती.

"शोधा दादा," ती म्हणाली. "गादीखाली राहिलंय अजून. मीही शोधलं होतं, पहिल्यांदा. चार महिने शोधत होते."

थोरल्याच्या हातात तेव्हा पिठाच्या डब्याचं झाकण होतं. ते त्याने जागेवर लावलं. दोनदा लावलं तरी ते बसेना.

सरकारी इस्पितळात रक्त तपासलं, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, आणि धाकट्याला त्या खडखडणाऱ्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये तासभर घातलं. मेंदूच्या डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, पण घाई न करता बोलायच्या. त्यांनी उजेडाच्या काचेवर फिल्म लावली आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. करड्या मेंदूत पांढरे ठिपके होते. एक-दोन नाही, चौदा. पाठीच्या कण्यात आणखी तीन.

"मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नसांच्या धाग्यांमधून जातो," त्या म्हणाल्या. "प्रत्येक धाग्यावर चरबीचं पातळ आवरण असतं, एकावर एक गुंडाळलेलं. त्याच्यामुळे निरोप वेगाने जातो, वाटेत सांडत नाही. तुमच्या भावाच्या शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींनीच त्या आवरणाला शत्रू समजून ते कुरतडलं आहे. जिथे कुरतडलं, तिथे हे डाग. मग निरोप उशिरा पोचतो, अर्धवट पोचतो, नाहीतर पोचतच नाही. डोळ्याच्या नसेवर झालं की धुकं दिसतं. तोल सांभाळणाऱ्या भागात झालं की चाल बिघडते, हात लटपटतो, बोलणं अडखळतं."

"दुपारीच का?" थोरल्याने विचारलं. "दुपारीच का व्हायचं त्याला?"

"उष्णतेने. आवरण गेलेली नस तापली की आणखी मंदावते. गार झाली की थोडं बरं वाटतं."

"आणि मध्ये पंधरा-पंधरा दिवस चांगला असायचा ते?"

"शरीर आवरण पुन्हा घालायचा प्रयत्न करतं. काही काळ जमतं. पण पुन्हा पुन्हा हल्ला झाला की ते थकतं, आणि उघडा पडलेला धागा हळूहळू मरतो. मेलेला धागा परत येत नाही."

थोरल्याने एक प्रश्न गिळला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्यांच्या दारात गेला आणि तो प्रश्न विचारला. "आठ महिन्यांपूर्वी आणलं असतं तर?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "औषधाने हल्ले कमी होतात. काही डाग टळले असते, कदाचित. सगळे नाही. कोणते टळले असते ते मी सांगू शकत नाही, आणि कुणीच सांगू शकणार नाही."

त्याने मान हलवली. ते 'कदाचित' त्याने घरी आणलं.

धाकट्याच्या शेजारच्या खाटेवर एक गवंडी होता. साध्या तापानंतर त्याचे पाय गेले, मग हात गेले, मग श्वास. तीन आठवडे तो नळी लावून होता. त्याच्याही नसांचं आवरणच गेलं होतं. आता तो उठून बसायचा, मग वॉकर धरून उभा राहिला, मग एक दिवस बाथरूमपर्यंत चालत गेला आणि सगळ्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. थोरल्याने सगळ्यांपेक्षा जोरात वाजवल्या. संध्याकाळी त्याने डॉक्टरबाईंना गाठलं. "म्हणजे आमचाही असाच...?" त्यांनी त्याला बाकावर बसवून सांगितलं, की गवंड्याचं दुखणं मेंदू आणि कण्याच्या बाहेरच्या नसांचं आहे, तिथलं आवरण बरंचसं पुन्हा भरून येतं, आणि तो हल्ला बहुधा एकदाच येतो. मेंदूतलं आणि कण्यातलं तसं भरत नाही. गवंडी घरी गेला त्या दिवशी धाकट्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "पुढच्या महिन्यात तूही." धाकटा म्हणाला, "हो हो. माझ्याकडे एक खोली बांधायची आहे, तेव्हा ये."

पाच दिवस सलाइनमधून औषध गेलं आणि धाकट्याच्या पायांत थोडा जीव आला. सहाव्या दिवशी तो उशीला टेकून बसला असताना थोरला खाटेशी उभा राहिला. वाटेत त्याने पुष्कळ वाक्यं जुळवली होती.

"मी मारलं तुला," तो शेवटी म्हणाला.

"हं."

"सगळ्यांसमोर."

"दादा," धाकटा म्हणाला, "खरं सांगू? मलाच कधीकधी वाटायचं, मी झोपेत उठून पितो की काय."

तो हसला. थोरल्याला हसता आलं नाही. तो खाटेच्या कडेला बसला आणि लोखंडी दांडा धरून रडला. धाकट्याने त्याच्या पाठीवर हात ठेवायला हात उचलला. हात दोनदा भलतीकडेच गेला आणि तिसऱ्यांदा पाठीवर पडला.

दुकानात परतल्यावर थोरल्याने एक गोष्ट केली. सगळ्यांसमोर मारलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर बोलायचं ठरवलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की कापड बांधता बांधता सांगायचा, "माझा भाऊ पीत नव्हता बरं का. त्याच्या नसांचा आजार आहे. मी आंधळा होतो." काहींना अवघडल्यासारखं व्हायचं, काहींना तो प्रसंगच आठवत नसायचा. तरी तो सांगायचा. चहावाल्याच्या टपरीवर जाऊन उभा राहिला आणि चहा न घेता सांगून आला.

धाकटा काठी टेकत दुकानात येऊ लागला. पोस्टमास्तरांना कळलं तसे ते दुसऱ्याच दिवशी हजर झाले आणि थेट दुसऱ्या खुर्चीत बसून मान मागे टाकली. "कर," ते म्हणाले. "एक कान अजून शाबूत आहे."

दुकानातले सगळे हसले. थोरल्याने खण उघडून धाकट्याचा वस्तरा काढून पुढे केला. धाकट्याने तो घेतला, उघडला, बराच वेळ बघितला आणि मिटून ठेवला.

"नको काका. तुमचा विश्वास आहे, पण माझा नाही."

त्यानंतर त्याने वस्तऱ्याला हात लावला नाही. तो गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसायचा, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा, आणि थोरल्याचं काम बघून डोळ्याने खूण करायचा, डावीकडे जास्त ठेवलंस. थोरला निमूटपणे डावीकडचं कापायचा. दुकानाचा पंखा मोठा घेतला, टॉवेल वाफवायचं भांडं मागच्या खोलीत हलवलं. अशी दोन वर्षं बरी गेली, असं नंतर सगळेच म्हणायचे.

मग पुन्हा हल्ला आला. काठीच्या जागी वॉकर आला आणि वॉकरच्या जागी चाकाची खुर्ची. दर वेळी औषधाने थोडं परत मिळायचं, पण गेलेल्यापेक्षा कमी. लघवीची नळी लागली. एका वर्षी डॉक्टरबाई फिल्म बघून आनंदाने म्हणाल्या, "नवा डाग एकही नाही." धाकट्याच्या बायकोने विचारलं, "मग हे खालावत का जातात?" त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि सांगितलं, की आता हल्ले थांबले आहेत, पण पूर्वी उघडे पडलेले धागे एकेक करून विझत आहेत, आणि त्यावर त्यांच्याजवळ फारसं औषध नाही. परत जाताना टॅक्सीत बायको खिडकीबाहेर बघत होती. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "दादा, उद्या माझी सकाळची पाळी आहे. तुम्ही याल ना?" थोरला म्हणाला, "येईन." त्या दिवसापासून तो रोज सकाळी जाऊ लागला.

आता धाकटा शेहेचाळीस वर्षांचा आहे आणि थोरला अठ्ठावन्न. धाकट्याला घोट गिळायला वेळ लागतो, म्हणून चहा चमच्याने द्यायचा. तोंड पुसायचं, कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, आणि एक दिवसाआड दाढी. पाणी कोमटच घ्यायचं. धाकट्याला आता डाव्या गालावरचं काहीच कळत नाही, तेव्हा थोरला तोंडाने सांगत जातो. "आता कानाजवळ आहे. आता हनुवटीखाली. मान जरा वर." धाकटा एकेक शब्द सुटा करत म्हणतो, "तू... फार... दाबतोस." थोरला म्हणतो, "मग तुझ्यासारखा हात आणू कुठून?"

परवा सकाळी अर्धी दाढी झाली आणि धाकट्याचा डोळा लागला. रात्रभर पायांना गोळे येत होते, झोप नव्हती, असं बायको कामावर जाताना सांगून गेली होती. थोरल्याने वस्तरा बाजूला ठेवला. उठवावं की नाही, कळेना. धाकट्याचा श्वास संथ चालला होता आणि कपाळावरची आठी गेली होती. उरलेल्या गालावरचा फेस कडेने वाळायला लागला. थोरल्याने टॉवेलाचं टोक ओलं करून तेवढी कड पुसली, स्टूल पलंगाला टेकवून घेतलं आणि बसून राहिला. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती.